फाटायचाच तर मडफ्लॅप फाटावा, गाडी नाही

वेल्ह्याच्या पुढे भाताच्या खाचरांमधून जाणारी एक वाट आहे. ऐन लावणीच्या दिवसांत तिथे समोरून बैलजोडी आली, म्हणून मी माझी थार, म्हणजे महिंद्राची जीपसारखी गाडी, मागे घ्यायला लागलो. मागचं डावं चाक एका धोंड्यावर चढलं आणि ‘कट्ट’ असा आवाज झाला. उतरून बघतो, तर कडक प्लास्टिकचा मडफ्लॅप, म्हणजे चिखल-खडी अडवायला चाकामागे लटकणारा पडदा, टायर आणि धोंड्याच्या मध्ये सापडला होता. गाडी मागे जाताना टायरची मागची बाजू खाली फिरते, त्यामुळे टायरने त्याला धरून खाली ओढलं. मडफ्लॅपला ओरखडा सोडला तर काही झालं नव्हतं. पण तो ज्याला जोडला होता तो बंपरचा कोपरा उचकटला, आणि आतलं लायनर, म्हणजे चाकावरच्या पोकळीतलं प्लास्टिकचं अस्तर, दोन क्लिपा घेऊन लोंबायला लागलं. बैलवाल्या आजोबांनी एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत, तेच जास्त लागलं.

चूक माझीच होती. दिसायला देखणा, जाड आणि मजबूत बघून घेतला होता. डांबरी रस्त्यापुरता मजबूतपणा ठीक आहे; वाट सोडून जाणाऱ्या गाडीत मात्र मडफ्लॅप हा सगळ्यात कमजोर भाग असायला हवा. अडकला तर वाकावा, वाकूनही भागलं नाही तर सुटून यावा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे. मोजमापं २०२० साली आलेल्या तीन दारांच्या थारची आहेत, पण पद्धत जिम्नी, जिप्सी, बोलेरो कशालाही चालते.

पुढचे आपल्यासाठी, मागचे दुसऱ्यांसाठी

पुढच्या चाकाने उडवलेली खडी आपल्याच गाडीला लागते: दाराच्या खालच्या कडेला, फूटस्टेपला, चॅसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) बाजूला. दाराच्या खालच्या भागाचा रंग बारीक बारीक टवके उडून खडबडीत झाला असेल, तर तो पुढच्या चाकांचा प्रताप. मागच्या चाकाने उडवलेलं आपल्या मागून येणाऱ्याच्या काचेवर आणि दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातं. पैसे किंवा वेळ कमी असेल तर लोक आधी पुढचे लावतात. माझं मत उलट आहे. ताफ्याने ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटांवर, जात असाल तर आधी मागचे लावा. मागच्या गाडीची काच तुमच्या रंगापेक्षा महाग.

गाडीआधी माती बघा

तुम्ही कुठल्या मातीत फिरता यावर अर्धी निवड ठरते.

घाटमाथ्यावर आणि घाटरस्त्यांवर त्रास सुट्या खडीचा आणि मुरमाचा. इथे मडफ्लॅप रुंद आणि शक्य तितका खालपर्यंत हवा. कोकणात उतरलात की जांभ्याचा लाल चिखल. तो पातळ असतो, सगळीकडे पसरतो आणि वाळला की पांढऱ्या गाडीवर डाग ठेवून जातो. त्याला अडवायला रुंदी लागते, जाडी नाही. शिवाय किनाऱ्याजवळची खारी हवा नटबोल्ट खाते.

मराठवाडा-विदर्भाची काळी माती हा वेगळाच प्रकार. ती उडत नाही, चिकटते. टायरवर थरावर थर चढतो, आणि टायर आणि मडफ्लॅपमध्ये जागा कमी असेल तर ती तिथे भरून घट्ट बसते. मग चाकाला फिरायला जागा उरत नाही. ट्रॅक्टरचं मोठं चाक आणि त्याच्या मडगार्डमधलं अंतर कधी नीट बघा. एवढी मोकळी जागा उगाच सोडलेली नसते. खडी-मुरमात टायर आणि मडफ्लॅपमध्ये सहा-सात सेंटीमीटर पुरतात. काळ्या मातीत जाणार असाल तर दहा सोडा, आणि पावसाळ्यात शेतात गाडी घालायचीच असेल तर सरळ मडफ्लॅप काढून ठेवा.

कशाचा घ्यावा

साच्यातून काढलेले, त्या-त्या गाडीच्या वळणावर बसणारे कडक प्लास्टिकचे मडफ्लॅप शहरासाठी छान. ड्रिल मारावं लागत नाही, लायनरच्याच स्क्रूंवर बसतात. पण ते आखूड असतात आणि वाकत नाहीत. वर सांगितलेली कथा त्यांचीच.

रॅलीच्या गाड्यांना असतात तसे पॉलीयुरेथेनचे पातळ, रंगीत पडदे हलके असतात, वाकतात आणि परत सरळ होतात. मिळाले आणि परवडले तर उत्तम. साधं रबर सगळीकडे मिळतं, घरी कटरने कापता येतं आणि फाटलं तर वाईट वाटत नाही. मी शेवटी रबरावरच आलो. चार ते पाच मिलिमीटर जाडी घ्या. तीनचं घेतलंत तर महामार्गावर वाऱ्याने मागे उडतं आणि खाली उघडं पडतं. सहाच्या वर गेलात की वजन वाढतं आणि पुन्हा कडकपणाकडे जातो.

रबर घेताना एक गोष्ट सांभाळायची. ट्रकच्या मडफ्लॅपसाठी किंवा जुन्या कन्व्हेयर बेल्टमधून कापलेला जो तुकडा दुकानदार हौसेने पुढे करतो, त्याच्या आत कापडाचे थर असतात. कापलेल्या कडेकडे बघितलं की धाग्यांच्या रेघा दिसतात. मी म्हटलं, “काका, हे नको, साधं रबर द्या.” तर काका म्हणाले, “अहो साहेब, हे दहा वर्षं फाटणार नाही!” म्हणूनच नको होतं. कापडाचा थर असलेलं रबर फाटत नाही, त्याऐवजी ज्याला लावलंय ते फाडतं. ट्रकला ते चालतं, कारण तिथे ते जाड लोखंडी पट्टीवरून लटकतं. आपल्याकडे ते प्लास्टिकच्या लायनरवर आणि पातळ पत्र्यावर लटकणार असतं.

रबराची शीट मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला मिळेल. बाकी कुठल्याही गावात हार्डवेअर आणि रबराची दुकानं शोधा, गाड्यांच्या ॲक्सेसरीजची नकोत.

सुतळीचा हिशेब

किती खाली आणायचा, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर पट्टीने नाही, सुतळीने मिळतं.

गाडी सपाट जागी उभी करा. टायरमध्ये नेहमीची हवा, टाकीत नेहमीइतकं इंधन, स्टिअरिंग सरळ. मागच्या टायरच्या मागच्या बाजूला खालून सुतळी टेकवा आणि ती बंपरच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंत ताणा. ही सुतळी जमिनीशी जो कोन करते तो डिपार्चर अँगल. थारचा तो कंपनीच्या आकड्यांनुसार ३६.८ अंश आहे. चढावरून खाली उतरताना किंवा खड्ड्यातून बाहेर पडताना सुतळीच्या खाली जे काही लोंबतं ते जमिनीला घासणार.

२४५/७५ आर १६ मापाचा टायर साधारण ७७४ मिलिमीटर उंच असतो. त्याच्यामागे सात सेंटीमीटर जागा सोडून मडफ्लॅप लावला, तर त्या ठिकाणी सुतळी जमिनीपासून साधारण २४-२५ सेंटीमीटरवरून जाते. म्हणजे मडफ्लॅपची खालची कड २५ सेंटीमीटरवर ठेवली तर डिपार्चर अँगल जसाच्या तसा राहतो.

आता दगडाच्या बाजूने बघा. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटतो तो टायरला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेत. म्हणजे तीच सुतळी! खडा सुतळीच्या वरच्या कोनात सुटला तर मडफ्लॅपला आपटेल, खालच्या कोनात सुटला तर निसटून मागच्या गाडीच्या काचेकडे जाईल. २५ सेंटीमीटरवर ठेवलेला मडफ्लॅप ३७ अंशांच्या खालचं काहीच अडवत नाही. तोच १५ सेंटीमीटरपर्यंत खाली आणला, तर २१-२२ अंशांपासून वरचं सगळं अडतं. एका सुतळीने दोन्ही हिशेब होतात, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध जातात. डिपार्चर अँगल सांभाळावा तर खडी उडते, खडी अडवावी तर मडफ्लॅप घासतो.

म्हणून मध्यम लांबीचा लावण्यापेक्षा मी लांब लावतो, १५-१६ सेंटीमीटरपर्यंत, आणि ट्रेलवर तो मागच्या बाजूला दुमडून वर बांधतो. खालच्या कडेजवळ एक भोक, त्यात सामान बांधायच्या लवचिक दोरीचा हूक, आणि दोरीचं दुसरं टोक वरच्या पट्टीला. अर्ध्या मिनिटाचं काम. दुमडताना तो चाकाच्या उलट्या दिशेला जातोय आणि सायलेन्सरच्या नळीपासून वीतभर तरी लांब राहतोय, एवढं बघायचं. जळक्या रबराचा वास गाडीत एकदा शिरला की महिनाभर जात नाही.

पुढच्या चाकांना हा हिशेब इतका ताणायची गरज नाही. पुढचे मडफ्लॅप फूटस्टेपच्या खालच्या कडेइतके खाली आले की झालं.

रुंदीसाठी ओळंबा लागतो. फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेवरून ओळंबा सोडा आणि टायर त्याच्या बाहेर किती येतो ते बघा. जुन्या टायरच्या मापाने मडफ्लॅप घेऊन नंतर रुंद टायर किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) टाकले की बाहेरची दोन-तीन बोटं उघडी पडतात आणि सगळा चिखल तिथूनच दारावर येतो. टायरच्या पट्ट्यापेक्षा दोन्ही बाजूंना एक-दीड सेंटीमीटर जास्त रुंदी पुरते. गाडीच्या अंगाबाहेर मात्र काही येऊ देऊ नका.

पुठ्ठा आधी, रबर नंतर

फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. चाकामागच्या जागेत धरून पेनाने वळण आखा, कापा, पुन्हा धरा. दोन-तीन पुठ्ठे वाया जातील, जाऊ द्या. पुठ्ठा मास्किंग टेपने जागेवर चिकटवा आणि आता स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. वळवलेल्या चाकाचा मागचा खांदा एका बाजूला आत येतो आणि दुसऱ्या बाजूला बाहेर. सरळ उभ्या चाकाला सोडलेलं अंतर तिथे अर्ध्यावर येतं. पुठ्ठ्यावर काळा डाग पडला तर तो कोपरा गोल करा.

एवढ्यावर थांबू नका. एका पुढच्या चाकाखाली आणि त्याच्या तिरप्या बाजूच्या मागच्या चाकाखाली उंचवटा येईल अशा जागी गाडी सावकाश चढवा. म्हणजे एक चाक आत दबतं, दुसरं खाली लोंबतं. मित्राला लांबून वाकून बघायला सांगा. चालू गाडीच्या खाली कोणी शिरायचं नाही. मैदान नसेल तर सोसायटीचा एखादा उंच कठडाही चालतो, वॉचमनदादांना आधी सांगून ठेवा.

पुठ्ठा पास झाला की तोच रबरावर ठेवून खडूने आखा. कटरच्या पात्याला साबणाचं पाणी लावा, पातं अडकत नाही. एका झटक्यात कापायचा प्रयत्न न करता चार-पाच वेळा त्याच रेघेवरून फिरवा. कोपरे सगळे गोल, कारण चौकोनी कोपऱ्यातून फाटायला सुरुवात होते. रबराच्या एका बाजूला नक्षी असेल तर दुसऱ्या बाजूचा तुकडा आखताना पुठ्ठा उलटा करा. दोन्ही तुकडे डावीकडचेच कापून बसलेला मी एकटा नसेन!

बसवताना

दहा नंबरचा पाना, ड्रिल, ३ आणि ६.५ मिलिमीटरचे बिट, सेंटर पंच, कानस, रबराला भोक पाडायचा पंच एवढं लागतं. मालात सहा मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, नायलॉनवाले लॉक नट, मोठ्या घेराचे वायसर, पाच मिलिमीटरचे थोडे नायलॉनचे बोल्ट आणि २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, मडफ्लॅपच्या रुंदीइतके तुकडे करून, प्रत्येक मडफ्लॅपला दोन: एक मागे, एक पुढे.

पुढच्या बाजूला काम करताना चाक काढायची गरज नसते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकामागे हात आणि ड्रिल जाईल एवढी जागा होते. मागचं चाक मात्र काढलेलं बरं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकांना दगड, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड).

आधी गाडीतली तयार भोकं शोधा. लायनर धरून ठेवणारे स्क्रू आणि क्लिपा असतातच. तिथल्या क्लिपा काढून त्याच जागी बोल्ट टाकता येतात. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, काढताना तुटतातच. आधीच पाच-सहा नव्या आणून ठेवा. मागच्या बाजूला वजन बंपरवर न टाकता चॅसिसवर घ्या: चॅसिसला मुळात असलेल्या भोकातून, किंवा यू-क्लॅम्पने पट्टी धरून. चॅसिसला नवीन भोक पाडायचं नाही.

पत्र्याला ड्रिल मारण्यावाचून गत्यंतरच नसेल तर आधी पलीकडे हात घालून बघा. तिथून इंधन भरायची नळी, मागच्या दिव्यांच्या वायरी, ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर जात असू शकते. बिटवर टोकापासून सेंटीमीटरभर सोडून टेपची दोन वेढणी घाला, म्हणजे बिट तेवढाच आत जाईल. पंचने खूण, आधी तीनचं भोक, मग साडेसहाचं. कानशीने कड साफ करा, रेड ऑक्साईडचे दोन हात द्या आणि वाळू द्या. खरोखर वाळू द्या; चहा घ्या, जेवून या. उघड्या पत्र्यात स्टेनलेसचा बोल्ट आणि वर पावसाचं पाणी म्हणजे गंज पत्र्यालाच लागतो, बोल्ट चकचकीत राहतो.

आता या सगळ्यातली कळीची गोष्ट. रबराच्या वरच्या कडेला तीन भोकं लागतात. त्यातली दोन टोकांची बंद ठेवू नका; वरच्या कडेपर्यंत कापून उघडी खाच करा. मधलं भोक बंद ठेवा आणि त्यात नायलॉनचा बोल्ट घाला. टोकांचे दोन स्टीलचे. रबर दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चेपून बोल्ट आवळले की रोजच्या वापरात ते घट्ट बसतं. पण टायरने जोरात खाली ओढलं तर मधला नायलॉन बोल्ट तुटतो, बाकीच्या दोन खाचा स्टीलच्या बोल्टांवरून सरकून निघतात, आणि मडफ्लॅप अख्खा हातात येतो. पट्ट्या जागेवर, बंपर जागेवर. ग्लोव्ह बॉक्समध्ये चार नायलॉन बोल्ट आणि दहाचा पाना असला की पाच मिनिटांत पुन्हा लावता येतो. गेल्या दोन पावसाळ्यांत माझा तीनदा असा निघून आला. एकदा तर तो पडलाय हे दोन वळणं पुढे गेल्यावर कळलं. मागे जाऊन चिखलातून शोधून काढला.

आवळताना रबर पट्टीच्या कडेतून फुगून बाहेर यायला लागलं की थांबा. त्यापुढे आवळलं तर ते तिथेच चिरतं. चारही बाजूंचं एकदम आवळू नका. सगळे बोल्ट हाताने लावा, लांबून उभं राहून दोन्ही बाजूंची उंची सारखी दिसते का ते बघा, मग पाना घ्या. शेवटी रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, हेही बघून घ्या.

त्यानंतर

रबर दाबाखाली हळूहळू बसतं, त्यामुळे सुरुवातीचे बोल्ट सैल पडतातच. शे-दीडशे किलोमीटरनंतर एकदा पाना फिरवा. पहिल्या महामार्गाच्या फेरीत आरशातून नजर ठेवा: मडफ्लॅप सतत फडफडत असेल तर खालच्या कडेला मागून प्लास्टिकची एक बारीक पट्टी चिकटवली की थांबतो. लोखंडी पट्टी तिथे नको, सुटून मागच्याला लागेल.

पार्किंगमध्ये मागे घेताना चाक अडवायला बसवलेले सिमेंटचे ठोकळे असतात. १५ सेंटीमीटरवरचा मडफ्लॅप त्यांच्यावर चढतो. रबर असेल तर दुमडून सुटतो, पण रोज तिथेच लावत असाल तर वीतभर अलीकडे थांबायची सवय लावा.

पावसाळ्यात ट्रेलवरून आल्यावर पाण्याचा पाइप मडफ्लॅपच्या मागच्या बाजूने, वरून खाली मारा. समोरून मारलं तर चिखल फेंडर आणि लायनरच्या फटीत आणखी आत जातो. आणि दसऱ्याला गाडी धुवाल तेव्हा चारही मडफ्लॅप पूर्ण काढा. लायनरच्या आतून ओंजळभर लाल माती निघेल, वाळलेलं गवत निघेल, माझ्याकडे एकदा भाताचं अख्खं रोप निघालं होतं, मुळांसकट. भोकांच्या कडा बघा, तपकिरी दिसल्या तर घासून पुन्हा रेड ऑक्साईड लावा, नायलॉनचे बोल्ट बदला, आणि मग हार घाला.